भांड्यावरचे नाव

मराठी घरांतल्या भांड्यांना नावे असतात. लग्नात आलेल्या पातेल्यावर मामांचे नाव, मुंजीतल्या ताटावर आत्याचे, भिशीच्या पैशांतून घेतलेल्या डब्यावर घरच्या बाईचे, आणि खाली तारीख. भांड्यांच्या दुकानात टिंबाटिंबांनी ही अक्षरे कोरून देण्याची सोय असते आणि त्याला 'नाव घालणे' असा साधा शब्दप्रयोग आहे. देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, कधी कंपनीचे असते. भांडे ज्याने घडवले त्याचे नाव मात्र नसते, आणि ते नाही याचे कुणाला आश्चर्यही वाटत नाही.

हा लेख गोडदेवहून लिहीत असल्यामुळे या गोष्टीचे आश्चर्य आम्हाला थोडे अधिक वाटते, एवढेच. गोडदेव हे भाईंदर पूर्वेचे जुने गाव. एके काळी आसपास शेती आणि मिठागरे, आता चहूबाजूंनी इमारती. भाईंदर पूर्वेचा हा सगळा पट्टा स्टीलच्या भांड्यांच्या लहानलहान कारखान्यांसाठी ओळखला जातो. पत्र्याच्या गोल चकत्या कापणारा एक, प्रेसवर त्यांना खोली देणारा दुसरा, कडा कापून वळवणारा तिसरा, आणि पॉलिशच्या फिरत्या चाकासमोर बसून भांड्याला आरशासारखी चकाकी आणताना स्वतः काळा होत जाणारा चौथा. यांपैकी 'भांडे कोणी केले?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून कोणाकडे बोट दाखवायचे? प्रश्न भांड्यांचा आहे तसाच तो साहित्याचाही आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्याचा विचार करण्यासाठी भांड्यांच्या इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण हाताशी घ्यावे असे वाटते. ते उदाहरण म्हणजे चिनी माती.

'चिनी माती' हा शब्दच मुळात फसवा आहे. लोणच्याची बरणी, कपबशी, मुतारीतले भांडे, विजेच्या खांबावरचा पांढरा चिमणीसारखा दिसणारा रोधक, या सर्वांना मराठीत तो एकच शब्द पुरतो. तांत्रिकदृष्ट्या यांतल्या पुष्कळ वस्तू चीनमध्ये घडलेल्या त्या अस्सल पांढऱ्या भांड्याच्या जातीच्या नाहीत. आपली तपकिरी-पांढरी बरणी दगडासारखी कठीण भाजलेली असते, पण अर्धपारदर्शक नसते. आणि अशा भांड्यांवर भट्टीत मीठ टाकून झिलई आणण्याची जी रीत आहे, ती मूळची जर्मन प्रदेशातली, चीनची नव्हे. अनेक वर्षे अशा बरण्या आपल्याकडे आल्या त्या सौराष्ट्रातून. तिथल्या थानगड-मोरबी परिसरातल्या धंद्याच्या इतिहासात परशुराम गणपुले या मराठी माणसाच्या 'परशुराम पॉटरी'चे नाव आवर्जून घेतले जाते. म्हणजे रीत जर्मनीची, माती सौराष्ट्राची, उद्योजक मराठी, आणि नाव चीनचे! शब्दाची दुसरी फसवणूक याहून खोल आहे. 'चिनी माती' म्हटले की असे वाटते, चीनमध्ये अशी एक माती सापडते आणि तिचे भांडे आपोआप पांढरेशुभ्र होते. कौशल्य मातीच्या नावे जमा होते आणि हात हिशेबातून गळतात.

या भांड्यांशी आपल्या किनाऱ्याची ओळख काही कपबशीबरोबर झालेली नाही. पालघर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, गुजरातेत, संजाण येथे २००२ नंतर झालेल्या उत्खननांत मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांतील चिनी भांड्यांचे तुकडे सापडले. रुक्षाना नानजी यांनी तेथील भांड्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. हे संजाण म्हणजे चिंचणीच्या ताम्रपटांतले 'संयान'. शके ८४८ च्या, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात तिथे राष्ट्रकूटांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. पुढे पोर्तुगीज आले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. भाईंदरच्या खाडीपलीकडे जे कोट दिसतात ते त्या दोन शतकांचे. मकाव, मलाक्का, गोवा असा पोर्तुगीजांचा सागरी मार्ग होता आणि त्या मार्गाने जाणाऱ्या मालात रेशमाबरोबर निळ्या नक्षीची पांढरी भांडी असत. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची खडकापाशी बुडालेल्या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत आणि तोफांबरोबर चिनी भांड्यांचे तुकडेही मिळाले आहेत.

साधे मडके फुटले की त्याची खापरी होते, पण इतकी भाजलेली चिनी खापरी हजार वर्षांनीही आपली चकाकी सोडत नाही. पुरातत्त्वज्ञ तिच्यावरून थराचा काळ ठरवतो, भट्टी ओळखतो, कधी बादशहाही ओळखतो. ज्याने तिच्यावर ती निळी रेघ ओढली तो माणूस मात्र त्याला ओळखता येत नाही. हे असे का झाले, हे कळण्यासाठी ते भांडे घडत कसे होते हे पाहायला हवे.

चीनच्या जिआंगशी प्रांतातले जिंगदेझेन हे गाव या धंद्याची राजधानी. तिथल्या भांड्याला दोन द्रव्ये लागतात. एक, गाओलिंग नावाच्या टेकडीवरून आलेली पांढरी, अतिशय चिवट उष्णता सोसणारी माती. जगभरच्या भाषांत तिला 'केओलिन' म्हणतात ते या टेकडीच्या नावावरूनच. दुसरे, एका विशिष्ट दगडाची पूड. हा दगड पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या घणांनी कुटायचा, पूड पाण्यात निवळायची, वर तरंगणारा बारीक भाग तेवढा घ्यायचा आणि त्याच्या लहान विटा पाडायच्या. पहिली माती एकटी भाजली तर ती घट्ट होत नाही. दगडाची पूड एकटी भाजली तर मोठ्या आचेला भांडे बसते, वाकते. दोन्ही एकत्र आल्या की सुमारे १३०० अंश सेल्सियसला दगड वितळून काचेसारखा मातीच्या सांध्यासांध्यांत भरतो आणि माती आकार धरून ठेवते. एक हाड, दुसरे मांस, असे तिथले कारागीर म्हणत. फ्रान्स्वा झाविए दाँत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ साली जिंगदेझेनबद्दल लिहिलेल्या पत्रात ही उपमा नोंदवली आहे. आपला कुंभार आव्यात जी आच देतो ती साधारणतः आठ-नऊशे अंशांच्या घरातली असते. म्हणजे फरक केवळ मातीचा नव्हे, आगीचाही आहे. ती आग टिकवणे, वाढवणे, रोखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे.

आता हातांकडे येऊ. सोंग यिंगशिंग यांनी १६३७ साली तत्कालीन उद्योगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात की एक पेला पुरा होईपर्यंत बहात्तर हातांखालून जातो, आणि तरीही सगळे बारकावे यात आलेले नाहीत. दाँत्रकोल सत्तर हात सांगतो. माती मळणारा, चाकावर ओढणारा, साच्यावर बसवून आकार नेमका करणारा, वाळल्यावर हत्याराने तासून पातळ करणारा. मग निळ्या रंगाची रेघ. हा रंग कोबाल्टचा. युआन काळात, चौदाव्या शतकात, त्यातला उत्तम कोबाल्ट इराणी मुलखातून येई. मग झिलई, लहान भांडे बुडवून, मोठे भांडे बांबूच्या नळीच्या टोकाला बारीक जाळीचे कापड बांधून त्यातून फुंकून. कच्च्याच भांड्यावर रंग, कच्च्याच भांड्यावर झिलई, आणि मग सगळ्यांना मिळून एकच आग. आगीच्या ज्वाळा आणि राख थेट लागू नये म्हणून प्रत्येक भांडे जाड मातीच्या डब्यात बसवून त्या डब्यांच्या उतरंडी भट्टीत रचायच्या. त्या रचणाऱ्याचाही वेगळा पेशा, आणि भट्टीच्या भोकातून आचेचा रंग पाहून लाकूड किती टाकायचे हे सांगणाऱ्याचाही.

राजभट्टीचा अधिकारी थांग यिंग याने १७४३ साली बादशहाच्या आज्ञेवरून या कामाच्या वीस चित्रांना टिपणे लिहिली. त्यांतली एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो रेघ काढतो तो रंग भरायला शिकत नाही आणि जो रंग भरतो तो रेघ काढायला शिकत नाही. दोघांचे हात स्वतंत्र तयार होतात, पण दोघांना बसवतात एकाच दालनात, म्हणजे काम एकजीव दिसावे. शेकडो भांड्यांवर तोच कमळवेल, तोच ड्रॅगन, तीच जाडी. 'शैली ही व्यक्तीची असते' हे वाक्य आपण वर्गात किती सहजपणे उच्चारतो! इथे शैली आहे, अत्यंत ओळखू येणारी शैली आहे, आणि तिच्यामागे एक व्यक्ती नाही.

मग नाव कुठे येते? भांडे तासताना त्याचा तळ मुद्दाम जाड, भरीव ठेवतात, कारण रंगवताना आणि झिलईत बुडवताना धरायला तीच मूठ. सगळे झाले की शेवटी ती मूठ कोरून काढतात, बुड पोकळ करतात, आणि त्या बुडावर निळ्या रंगात अक्षरे लिहितात. राजभट्टीच्या भांड्यावर ही अक्षरे बहुधा राजवटीचे नाव सांगतात: अमुक वंश, अमुक बादशहाचा काल, तेव्हा घडवले. ती लिहिणारा माणूसही वेगळाच असतो. त्याचे काम तेवढेच. ज्या जागी भांडे घडवणाऱ्यांची बोटे सर्वांत जास्त वेळ टेकली, ती जागा खरवडून तिथे बादशहाचे नाव येते. आम्ही याला रूपक म्हणून सांगत नाही. कामाचा क्रमच तसा आहे.

पोर्तुगीज गिऱ्हाइके आली तेव्हा त्यांनीही आपली नावे घातली. १५५२ हे साल असलेल्या काही चिनी बाटल्या जगातल्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेत, ही जोर्ज आल्व्हारेस याने करवून घेतली, अशा अर्थाचा मजकूर आहे. आणि ती अक्षरे उलटी रंगवलेली आढळतात. रंगवणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. त्याने ती अक्षरे म्हणून नव्हे, वेलबुट्टी म्हणून उतरवली. ज्याचे नाव आहे त्याने भांड्याला हात लावला नाही, आणि ज्याने हात लावला त्याला नाव वाचता आले नाही.

चीनमध्ये कारागिराचे नाव कधीच लिहीत नसत असेही नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नानजिंगचा तट बांधला गेला. त्याच्या विटांवर अधिकाऱ्यांबरोबर वीट पाडणाऱ्यांचीही नावे आढळतात. हेतू मात्र सन्मानाचा नव्हता. वीट कच्ची निघाली तर कोणाला धरायचे हे ठाऊक असावे, म्हणून ती नावे. आणि जिंगदेझेनच्या इतिहासात एका भट्टीवाल्याचे नाव देवळात जाऊन बसले आहे. त्याचे नाव थोंग बिन. १५९९ च्या सुमारास राजदरबाराला प्रचंड मोठी भांडी हवी होती. ती पुन्हापुन्हा भट्टीत बिघडत होती आणि करवसुलीला आलेला अधिकारी कामगारांचे हाल करत होता. तेव्हा या माणसाने पेटत्या भट्टीत उडी घेतली अशी आख्यायिका आहे. पुढे तो 'वारा आणि आग यांचा देव' झाला. थांग यिंगनेही त्याच्याविषयी लिहिले आहे. कारागिराला नाव मिळण्याच्या दोन वाटा इथे दिसतात: चूक झाली तर शिक्षेसाठी, किंवा जळून मेला तर पूजेसाठी. नीट काम करून संध्याकाळी घरी जाणाऱ्याला तिसरी वाट नाही.

हे सर्व परक्या देशातले, जुन्या राजवटीतले, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात झिलईच्या भांड्यांचे काम सुरू झाले. सिंधमधल्या कुंभारांची झिलई आणि अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी यांचा मेळ घालून तयार झालेली ही 'बॉम्बे पॉटरी' युरोपातल्या प्रदर्शनांत गेली. पुढे टेरी यांनी 'वंडरलँड' या नावाने स्वतःची भट्टीही चालवली. ही भांडी चिनी जातीची नव्हेत. ती मऊ मातीची आहेत. पण नावांचा हिशेब अगदी चिनी आहे. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर टेरी यांचे नाव असते, शाळेचे असते. चाकावर ओढणारे, झिलई कालवणारे, नक्षी काढणारे बहुधा 'स्थानिक कारागीर' या दोन शब्दांत आटोपतात.

आता आपल्या साहित्याकडे वळू. कारण भांडी घडवणाऱ्याविषयी मराठीइतके ज्या भाषेत बोलले गेले आहे अशा भाषा थोड्याच असतील. देह म्हणजे घट; निर्माता म्हणजे कुंभार; संसार म्हणजे फिरते चाक; साधक म्हणजे आव्यातून निघालेले पक्के किंवा कच्चे मडके. वेदान्ताने घटाकाश दिले, संतांनी ते घराघरांत नेले. तेरच्या गोरोबा कुंभारांची ती कथा सर्वांना ठाऊक आहेच: संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले. या कथेचा अध्यात्मार्थ आपण दरवर्षी शिकवतो. पण ती कथा एका धंद्याच्या ज्ञानावर उभी आहे, याकडे वर्गात सहसा लक्ष जात नाही. भाजलेले मडके वाजवून त्याचा नाद ऐकणे आणि त्यावरून आतली चीर ओळखणे ही कुंभाराची रोजची परीक्षा आहे. ते ज्ञान नसते तर ते रूपकही नसते. आणि गोरोबांविषयीची एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. अभंगाच्या शेवटी ते आपले नाव घालतात, आपल्या जातीधंद्यासह घालतात. ज्या शेकडो मडक्यांवर त्यांचे पोट चालले त्यांतल्या एकावरही त्यांचे नाव नसणार. शब्दाला नाममुद्रा आहे, मडक्याला नाही. एकाच माणसाच्या दोन निर्मितींत आपण हा भेद केला, आणि एकीला 'साहित्य' म्हटले, दुसरीला 'भांडे'.

या कुंभाराच्या रूपकाने मराठी समीक्षेचे एक नुकसानही केले आहे, असे आमचे मत आहे. हे रूपक नेहमी एका निर्मात्याचे असते. एक कुंभार, एक चाक, एक गोळा. प्रत्यक्षात कुंभाराच्या घरीही माती आणणारी, चाळणारी, तुडवणारी, मडक्याला रंग देणारी, आवा रचणारी माणसे असतात, आणि त्यांत बायकांचे हात निम्म्याहून कमी नसतात. रूपकाने त्यांना वगळले. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर स्वयंप्रज्ञ कवीची कल्पना आली आणि ती या एकट्या कुंभारावर बेमालूम बसली. तेव्हापासून कलाकृतीच्या मागे एक नाव शोधायचे, त्या नावामागे एक चरित्र, आणि चरित्रामागे एक दुःख, ही आपली वाचनाची रीत झाली. ज्या कृतीमागे असे एक नाव सापडत नाही ती मग 'लोक' या खात्यात टाकायची, आणि 'लोकसाहित्य' या स्वतंत्र, बहुधा ऐच्छिक, प्रश्नपत्रिकेत तिची सोय करायची.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करता. पेला बहात्तर हातांनी होतो, कविता एकाच मनाने होते. श्रमविभागणीचे गोडवे गाणे म्हणजे माणसाला आयुष्यभर एकच रेघ ओढायला लावणाऱ्या व्यवस्थेचे गोडवे गाणे. आक्षेपाचा दुसरा भाग आम्हाला पूर्ण मान्य आहे. जिंगदेझेन हे काही नंदनवन नव्हते. थोंग बिनची कथा नंदनवनात घडत नाही. आमच्या गावातल्या पॉलिशवाल्याच्या छातीत जाणारी धूळही सामूहिक निर्मितीच्या कौतुकाने कमी होत नाही. उलट, आमचे म्हणणे हेच आहे की जिथे हात मोजले जात नाहीत तिथे त्या हातांचे हालही मोजले जात नाहीत. नाव हा केवळ मानाचा प्रश्न नाही, हिशेबाचाही आहे.

पहिला भाग मात्र मान्य करता येत नाही, कारण मराठी साहित्याचा स्वतःचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. 'लीळाचरित्र' एका मनातून उतरलेले नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, आणि पुढच्या परंपरेने कोणाच्या पाठात काय वेगळे आहे ते त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी जपले. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या सालाबरोबर लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांची नोंद आहे. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघांनाही जागा. तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पाठशुद्धी केली. तो तिसरा हात. तुकोबांच्या अभंगांची आठवण संताजी जगनाडे यांच्या वह्यांवाचून निघत नाही. म्हणजे जुन्या मराठी परंपरेला लेखनिकाचे, शोधकाचे, आठवण ठेवणाऱ्याचे नाव घेण्यात कमीपणा वाटत नव्हता. छापखाना आला आणि मुखपृष्ठावर एक नाव मोठे झाले. निर्णयसागरच्या सुरेख देवनागरी टंकाचे आपण आजही कौतुक करतो, पण तो घडवणाऱ्या राणोजी आरू यांचे नाव मराठीच्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? आणि ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचे तर कोणालाच नाही.

अनेक हातांची नावे घेणे व्यवहारात अशक्य असते, असेही म्हटले जाते. त्याला उत्तर आपल्याच प्रांतात तयार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आता सर्वांना पाहण्या-ऐकण्यास खुला आहे. त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही दिलेले असते. ओवी तिची एकटीची नसते. आईची, सासूची, शेजारणीची असते. रेघ एकीची, रंग दुसरीचा. तरी ज्या तोंडातून ती ऐकली ते तोंड नोंदवायचे, हा निर्णय संग्राहकांनी घेतला. त्यामुळे ओवीचे सामूहिकपण बिघडले नाही. उलट, 'लोक' या धूसर शब्दाच्या जागी पुणे जिल्ह्यातल्या, मुळशीतल्या खऱ्या बायका आल्या. निर्मिती अनेकांची असणे आणि ती निनावी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि ही सवय कोणाच्या तरी सोयीची आहे.

म्हणून मराठीच्या प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे आम्ही दोन-तीन साध्या गोष्टी ठेवू इच्छितो. गोरोबांचा अभंग शिकवाल त्या दिवशी एखाद्या कुंभाराच्या आव्यापर्यंत वर्ग नेता आला तर न्यावा. तो न जमल्यास निदान कच्च्या आणि पक्क्या मडक्याचा नाद वर्गात ऐकवावा. रूपक कशावर उभे आहे हे कळल्यावाचून रूपकाचे सौंदर्य कळत नाही. दुसरे, कोणत्याही संहितेचा विचार करताना 'लेखक कोण?' या प्रश्नाबरोबर 'ही आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आली?' हा प्रश्न परीक्षेत विचारला जावा. लेखनिक, संपादक, अनुवादक, जुळारी, मुद्रितशोधक, हे तळटीपेचे धनी नव्हेत. अनुवादित पुस्तकाचे परीक्षण अनुवादकाचे नाव न घेता लिहिण्याची रीत तर आजच मोडता येईल. तिसरे, लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यात ज्याने गाणे दिले त्याचे नाव न लिहिणारा प्रबंध अपुरा समजला जावा. अर्थात नाव द्यायला त्या माणसाची संमती असेल तर. नको असलेले नाव छापणे हेही विटेवर शिक्का मारण्यासारखेच.

जिंगदेझेनच्या सगळ्या राजभट्टीवाल्यांत थांग यिंगची आठवण अधिक आदराने निघते, त्याचे कारण त्याच्या हातचे भांडे नव्हे. १७२८ साली तो तिथे आला तेव्हा त्याला या धंद्यातले काही कळत नव्हते. लोकांकडे जाणे-येणे बंद करून तीन वर्षे तो कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर राहिला, आणि मग त्याने लिहायला घेतले. रेघ ओढणारा रंग भरत नाही, हे त्याला त्यामुळे कळले. बुडावर नाव बादशहाचेच राहिले. ते बदलणे त्याच्या अधिकारात नव्हते. पण वर काय काय होते आणि ते कोणत्या हातांनी होते, हे त्याने वाचणाऱ्यासाठी लिहून ठेवले. समीक्षेचे काम याहून फारसे वेगळे असते असे आम्हाला वाटत नाही.